लांब दोरीचा पाळणा

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वरोऱ्याच्या बाजारात भाजी घेत होते. "मावशी, आई गेली," एवढंच भाचा बोलला आणि त्याने फोन ठेवला. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. सावली गावाजवळच्या खेड्यात तिचं सासर. पायाची जखम चिघळली, ताप डोक्यात गेला, मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला... तिकडे सगळे म्हणतात, इसबाने खाल्लं तिला. तिला कशाने खाल्लं ते मला ठाऊक आहे. पण ऐकणार कोण? ओरडून घसा बसला माझा, म्हणून आता लिहिते आहे.

बाईचा सगळा जन्म धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात गेला. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत चिखलात हात घालून सगळ्याच बायांच्या बोटांना चिरा पडतात, पुढे भरूनही येतात. हिच्या भरल्या नाहीत. तळहात कोरडे, भेगाळलेले, भाजीत मीठ टाकताना डोळ्यांत पाणी यायचं. मग घोट्याच्या वर एक काळसर चट्टा उठला, खाजवून खाजवून ओला झाला. मेडिकलवाल्याने गजकर्णाची ट्यूब दिली. लावली की दबायचं, सोडली की दुप्पट उसळायचं. शेवटी तिने चट्ट्यावर तापवलेला बिबा घातला. आमच्या जंगलपट्टीत बिब्ब्यावर फार भरवसा, दुखलं खुपलं की बिबा. पाय फोडांनी भरून गेला आणि थोड्याच दिवसांत हात, मान, पापण्यांपर्यंत पुरळ उठलं. झालं. घरादाराने ठरवून टाकलं की हे पसरतं, म्हणजे हे लागतं.

नेमकी तेव्हाच घरात नात जन्मली. सून वाईट नाही, कामाची आहे, सासूला वेळेवर जेवायला द्यायची. पण सासूने पोरीला बोट लावलं तरी तिलाही होईल, या धाकाने तिची झोप उडाली होती. ताट वेगळं झालं, गिलास वेगळा झाला, त्याचं बाईला काही वाटलं नाही. नात मांडीवर मिळेना, त्याने मात्र ती खचली. फोनवर म्हणायची, "सुमे, पोरगी आत रडून राह्यली, अन् मी इथी ओसरीत बसून राह्यली. मले हात काऊन देल्ले देवानं?" मग तिनेच तोड काढली. पाळण्याच्या दोरीला दुसरी दोरी जोडली, उंबऱ्यावरून ओसरीत आणली आणि तिथे बसून झोका द्यायला लागली. दोरी भेगांत रुतायची, म्हणून टोकाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली. दिवसदिवस ती चिंधी धरून बसायची.

मी तिला चंद्रपूरला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पाय पाहिला, हात पाहिले, मान पाहिली आणि म्हणाल्या, "आजी, हे एकच दुखणं नाही. पायाचा इसब शिरा फुगल्यामुळे, तिथे रक्त साचतं. हाताचा पाण्याचिखलाने. आणि बाकीचं भडकलं ते बिब्ब्यामुळे. यातलं काहीच कुणाला लागत नाही." बाईला तीन इसबांशी काही घेणंदेणं नव्हतं. तिने एकच विचारलं, "मंग नातीले घेतलं तं चालते?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजच घ्या." एसटीत बाई पदर तोंडाला लावून रडत होती. तिला इतक्या आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं.

घरी गेल्यावर मी सुनेला सगळं समजावलं, तिन्ही इसबांचा फरक सांगितला. तिने नीट ऐकून घेतलं. "बरोबर असन मावशी. पण लेकरू लहान हाय न. जराशी मोठी होऊ द्या." मी चिडले, भांडायला उठले, तर बाईनेच माझा पदर ओढला. "राहू दे सुमे. तिचं लेकरू हाय." पुढे मलमाने हात बरे झाले, मानही निवळली. पण पाय वर करून बसायला तिला सांगितलं होतं, आणि रोवणा आला. घरात बसून तरी काय धरायचं होतं तिला? ती चिखलात उतरली. तिथेच पाय बिघडला. नात मोठी व्हायची राहिली, बाई निघून गेली.

मागच्या आठवड्यात पुन्हा गेले होते. दोरी अजून ओसरीत येते. टोकाची चिंधी आईची म्हणून भाच्याने सोडू दिलेली नाही. आत पोरगी उठली, रडायला लागली. सून भांडी टाकून धावत आली, ओसरीत माझ्याशेजारी बसली, दोरी घेतली. चिंधीला हात लागू नये म्हणून जरा वरून धरली, आणि झोका द्यायला लागली.