ब्रूनोला घर मिळालं

ब्रूनो हा आमच्या प्राण्यांच्या आश्रमातला म्हातारा ग्रेट डेन कुत्रा. मागचे पाय अधू, पोटाखालून पंचा घालून उचलावा लागतो. आज एक काकू त्याला न्यायला आल्या. मी भीत भीत म्हणालो, “काकू, हा फार दिवस काढायचा नाही. कंटाळून परत आणू नका हं.”

“अरे, माझे तरी गुडघे कुठे धड आहेत? धर तिकडून!”

दोघांनी मिळून त्याला रिक्षात चढवलं. शाळा सोडून या परक्या शहरात आलो, तेव्हा मलाही या आश्रमात असंच आत घेतलं होतं. तुला काय काम येतं, असं कुणी विचारलं नाही. असं घेणारं माणूस भेटावं लागतं.

काकूंच्या मांडीवर डोकं टेकून ब्रूनोने डोळे मिटले. रिक्षा निघाली, तरी त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मला तेच हवं होतं.