गाढवाची पाठ

मीना पागे यांनी शहराच्या फ्रीगंज भागातील एका शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर त्या कोळशाने प्राणी रेखाटू लागल्या. कार्तिकात क्षिप्रा नदीकाठी गाढवांचा बाजार भरला, की त्या तिथे स्टूल टाकून बसत. कपाशीच्या काड्या बंद डब्यात भाजून केलेला त्यांचा कोळसा ठिसूळ असे. रेषा बोटाने पुसत त्या प्राण्याच्या अंगाला वजन देत. शरीररचनेच्या अचूकतेपेक्षा शरीरावर पडलेले ओझे त्यांना महत्त्वाचे वाटे.

यंदा भोपाळच्या एका प्रदर्शनासाठी त्यांचे चित्र प्रथमच निवडले गेले. चित्र विटा वाहणाऱ्या म्हाताऱ्या गाढवाचे होते. ओझ्याने घासून त्याच्या पाठीवर पडलेली जखम मात्र त्यांनी काळ्या छटेत बुजवली होती. "जखम कोण बघायला येणार?" असे पती श्रीधरराव म्हणाले होते, आणि ते मीनाबाईंनाही तेव्हा पटले होते.

कोळशाची भुकटी कागदाला धरून राहावी म्हणून मीनाबाई मलई काढलेल्या दुधाचा बारीक फवारा मारत. चित्र पाठवायच्या आदल्या संध्याकाळी मनगट ठणकत असल्याने ते काम त्यांनी पतीकडे सोपवले. सकाळी पाहतात तो, फवारा जिथे दाट बसला होता त्या पाठीवर मुंग्यांची रांग.

"अहो, दूध कुठलं घेतलंत?"

"फ्रिजमधलं. सोमवारच्या अभिषेकाचं. म्हटलं, वाया कशाला घालवा?"

"त्यात साखर नि मध होता ना!"

"मला वाटलं, पक्कं चिकटेल."

"चिकटलं की! मुंग्यांना तर एकदम पसंद आलं."

दुपारी चित्र न्यायला माणूस येणार होता. मीनाबाईंनी पिसाने मुंग्या झाडल्या आणि कणकेच्या गोळ्याने चिकट डाग टिपायला घेतले. कणकेबरोबर कोळसाही उचलला गेला. जखम बुजवली होती नेमकी तिथेच कागदाचा खरबरीत, पांढरा तुकडा उघडा पडला.

श्रीधररावांनी ओशाळून कोळशाची कांडी पुढे केली. "भरून टाक ना. पता भी नहीं चलेगा."

 मीनाबाईंनी कांडी घेतली, पांढऱ्या तुकड्याभोवती केस झडलेल्या कातडीची कडा काढली आणि आतला भाग तसाच सोडला.

"आता साधं दूध आणा," त्या म्हणाल्या. "मलई काढून. फवारा मी मारते. माणूस येईल इतक्यात."