आप्पांची उभी अक्षरं

रुंद अक्षर दिसलं की आप्पांचं डोकं फिरायचं. दुकानाची पाटी असो की लग्नपत्रिका, ते भर रस्त्यात थांबून म्हणायचे, "कसं फतकल मारून बसलंय बघा. शेजारच्यानं जायचं कुठं?"

संगमनेरात त्यांचा छापखाना होता आणि मी तिथं प्रुफं तपासायचे. जत्रेतल्या कुस्त्यांची पोस्टरं ही आप्पांची खासियत. त्यासाठी त्यांनी स्वतः सागाची अक्षरं कोरली होती. उंच, सडपातळ, माथ्याची रेघ जाड आणि खाली चौकोनी पाय. पोस्टरवर पैलवान, पंच, वर्गणीदार सगळ्यांची नावं लागतात आणि ज्याचं नाव बारीक छापलं जातं तो पुढच्या जत्रेला फिरकत नाही. म्हणून आप्पांची अक्षरं एकाच मापाची. "अक्षरानं अंग चोरलं की समद्यांची नावं सारखी बसत्यात," असं त्यांचं म्हणणं.

एका पुढाऱ्याला मात्र आपलं नाव दुप्पट हवं होतं. त्याचं नाव मी लिहिणार नाही, इथं तरी त्याला जागा नको. आप्पा त्याला म्हणाले, "तुमचं मोठं करायचं म्हंजी दुसऱ्याचं बारीक करायचं. ते माझ्याकडं न्हाई व्हायचं." साहेब फ्लेक्सवाल्याकडे गेले आणि त्यांच्यामागे एकेक गाव गेलं. छापखान्याला कुलूप लागलं. ज्या गावांची नावावरून होणारी भांडणं आप्पांनी वर्षानुवर्षं टाळली, त्यातलं एकही त्यांच्या बाजूनं बोललं नाही. त्या गावांचा मला आजही राग येतो.

पुढे पुण्याहून काही शिकलेली मुलं आली. त्यांना या अक्षरांचा कॉम्प्युटरसाठी फॉन्ट करायचा होता. आप्पांनी हौसेनं सगळी अक्षरं काढून दिली. अट एकच, "रुंद करू नका." मुलांनी माना डोलावल्या. पण फॉन्ट एकदा मोबाईलवरून फिरू लागला की त्याला कोण कुठं धरून ओढेल, हे कुणाच्या हातात असतं? वर्षभरात बसस्टँडसमोर वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. त्याच पुढाऱ्याचं नाव, आप्पांच्याच अक्षरांत, या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेलं. आप्पा त्याच्याखाली जाऊन उभे राहिले. "मोडली वो माझी अक्षरं," एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज आठवला की अजूनही माझं अंग जळतं.

परवा प्रवरेच्या घाटावर त्यांचा दशक्रिया विधी झाला. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर तीच ताणलेली अक्षरं, तेच साहेब, आणि आप्पांचं नाव खाली कोपऱ्यात, शोधावं लागेल असं. माईक माझ्याकडे आला तेव्हा मी सरळ म्हणाले, "आधी हा फ्लेक्स उतरवा." कुणी हललं नाही. साहेबांनी घड्याळात बघितलं.

बायकांमधून काकू, आप्पांच्या पत्नी, उठल्या आणि पुढे येऊन दोरीची गाठ सोडू लागल्या. "त्यांना काय सांगती बाई," त्या मला म्हणाल्या, "तू ते टोक धर." साहेबांचं भाषण अजून व्हायचं होतं. आम्ही दोघींनी त्यांच्या पाठीमागचा फ्लेक्स गुंडाळला आणि घाटावरच्या कचऱ्यात टाकून आलो.