साडीच्या आधीचा फोटो

सौंसरच्या बाजारओळीत शालिकरामाचा फोटो स्टुडिओ होता. लग्ने, मुंजी आणि बारशी ही त्याची उपजीविका; विहिरीत, नदीत किंवा रुळांवर सापडलेल्या प्रेतांचे पंचनाम्यासाठी फोटो काढणे हे त्याच्याकडे आपसूक आलेले काम. ते दुसरे कोणी करायला धजत नसे. तो मात्र पादत्राणे दूर काढून प्रेतापाशी जाई, हात जोडी, आणि मगच कॅमेऱ्याचे झाकण उघडी. मृताला स्वतःविषयी काही सांगता येत नाही, म्हणून आपल्या हातून त्याची उपेक्षा होऊ नये, एवढीच त्याची साधी निष्ठा होती.

१९८२ च्या भाद्रपदात ती निष्ठा त्याच्याच हातून भंगली.

धाकटी बहीण कुसुम मोहगावच्या पलीकडे एका खेड्यात दिलेली होती. पाणी ओढताना पाय घसरून ती विहिरीत पडली, असा सांगावा आला. शालिकराम निघाला तेव्हा त्याच्या खांद्याला कॅमेरा होता आणि हातात हिरवी साडी. सवाष्ण गेली की अखेरची साडी माहेरची, ती भावाने न्यायची. तो पोचला त्या वेळी प्रेत वर काढून पडवीत ठेवले होते आणि बायका साडीसाठी खोळंबल्या होत्या. हवालदाराने विचारले, "फोटो अगोदर घेता का?"

"अगोदर तिले नीट होऊ द्या," शालिकराम म्हणाला.

बायकांनी कुसुमला न्हाऊ घातले, हिरवी साडी नेसवली, मनगटांपासून वर हिरवा चुडा भरला, मळवट भरला, ओटी भरली. मग शालिकरामाने फोटो काढले. ते इतके नेटके आले की लग्नाच्या संग्रहात ठेवले असते तरी परके दिसले नसते. अंगावर संशयास्पद खूण नाही, असे पंचनाम्यात लिहिले गेले.

महिन्याभराने जामसांवलीच्या मारुतीच्या ओट्यावर कलाबाई भेटली. कुसुमला न्हाऊ घालणाऱ्यांत ती होती. तिने आजूबाजूला पाहिले आणि हळूच सांगितले, "भाऊ, पोरीच्या हाताले वळ होते. दोरीचे. मीच त्याच्यावरून चुडा भरला."

"ठाण्यात सांगसान का?"

"माह्या घराची अन् त्यायच्या घराची भिंत एक आहे, भाऊ. मी तिथंच राहून राहिली."

शालिकरामाने त्या संध्याकाळी फोटो मोठे करून पाहिले. मनगटांवर बांगड्याच होत्या, दाटीवाटीने. बहिणीची एकमेव साक्ष आपणच हिरव्या काचेखाली झाकली, हे त्याला कळले. दोर तर प्रेत वर काढतानाच कोणी सोडवून घेतला असणार. आणि त्यानंतर त्याच्या मनाला एकच ध्यास लागला. विहिरीतले माणूस वर येण्याआधी, माहेरच्या साडीचा स्पर्श होण्याआधी, पाण्यात आहे तसे टिपता आले पाहिजे.

नागपूरला सीताबर्डीवर एका दुकानदाराने त्याच्यापुढे दोन गोष्टी ठेवल्या. एक होती जाड काचेच्या तोंडाची बंद पेटी. तिच्यात शालिकरामाचा जुनाच कॅमेरा बसला असता. दुसरा होता कोण्या परदेशी इंजिनिअराने विकून टाकलेला लहानसा कॅमेरा, जमिनीवर आणि पाण्यात दोहोंकडे चालणारा.

"पेटी घ्या, भाऊ," दुकानदार म्हणाला. "स्वस्तही पडते, अन् तुमचा हात बसलेला कॅमेरा तुमच्याजवळ राहते. ह्या दुसऱ्यात चित्र साफ आहे की नाही ते दिसतच नाही. अंतर अंदाजानं लावा लागते."

"पेटी बंद कराले वेळ किती लागते?"

"रबर पुसून, घट्ट बसवून, पाणी शिरत नाही ते पाहून, अर्धा तास धरा. तुम्हाला काय घाई? मासोळ्या कुठं पळून चालल्या?"

विहिरीच्या काठी कोणी अर्धा तास थांबत नाही, हे शालिकरामाने दुकानदाराला कसे सांगावे? काठावरून एक फोटो आणि लगोलग पाण्यातून दुसरा, मध्ये पेटी उघडण्या-मिटण्याचा खोळंबा नाही, असेच साधन हवे होते. त्याने आपला जुना कॅमेरा बदल्यात दिला आणि तो लहान कॅमेरा घेतला.

घरी बायको विजया त्या कॅमेऱ्याकडे पाहतच राहिली.

"आता लग्नातले फोटो कशानं काढान?"

"यानंच."

"याच्यात तर काही दिसूनच नाही राहिलं. नवरदेवाले काय पाण्यात बुडवान?"

तिची थट्टा दोन महिन्यांत खरी ठरली. अंतराचा अंदाज चुकून दोन लग्नांचे फोटो अस्पष्ट आले, आणि गिऱ्हाईक पांढुर्ण्याच्या स्टुडिओकडे वळले. विजयाने शिवणकाम घेतले. परसातल्या विहिरीत तीच दोरीने घागर सोडी आणि शालिकराम बुडी मारून घागरीचे फोटो काढी. पहिला रोल सगळा धूसर निघाला. त्याने फीत लावून अंतर मोजले होते. परंतु पाण्यात वस्तू असते त्याहून जवळ दिसते आणि भिंगालाही ती तशीच दिसते. फितीवरचा विश्वास सोडून डोळ्यावर ठेवायला त्याला पूर्ण उन्हाळा लागला.

१९८४ च्या पौषात हवालदार मोटारसायकल घेऊन दारात आला. दोन कोसांवरच्या संत्र्याच्या बागेतील विहिरीत पुष्पा नावाची सून पडली होती.

विहिरीभोवती माणसे दाटली होती. सूर्य डोक्यावर येत होता आणि नितळ पाण्याच्या तळाशी पिवळे लुगडे दिसत होते. पुष्पाचा दीर भिवाजी कमरेला दोर बांधून उतरण्याच्या तयारीत होता.

"फोटो बाहेर काढल्यावर घ्या," तो म्हणाला. "घरची बाई आहे. परका माणूस आत उतरून तिले पाहील का?"

जमावाला ते पटले. हवालदारही चुळबुळला. इतक्यात पुष्पाचे वडील पुंडलिकराव सायकलवरून उतरले. त्यांच्या काखेत घडी न मोडलेली हिरवी साडी होती.

"काढा माह्या पोरीले," ते म्हणाले. "पाण्यात काहून ठेवली तिले?"

शालिकराम त्यांच्यापुढे उभा राहिला. आजवर विजयाखेरीज कोणाला न सांगितलेले त्याने त्या गर्दीत सांगितले.

"काका, दोन वर्षांमागं मीही अशीच साडी घेऊन गेलतो. बहिणीची. पहिले साडी नेसवू देली, मंग फोटो काढले. हातावरचे वळ बांगड्यांखाली गेले. मले घडीभर द्या. मंग तुमची साडी."

"याचं काय ऐकता, मामा," भिवाजी म्हणाला. "धंदा बसला त्याचा. मेलेल्यावर जगून राहिला."

पुंडलिकरावांनी भिवाजीकडे पाहिले, त्याच्या कमरेच्या दोराकडे पाहिले. मग ते विहिरीच्या काठावर साडी मांडीवर घेऊन बसले.

"जा बाबू," ते शालिकरामाला म्हणाले. "डोळे भरून पाह्य."

शालिकरामाने हात जोडले आणि तो उतरला. त्याने तीनदा बुडी मारली. पुष्पाचे केस पसरले होते, डोळे अर्धे मिटलेले होते, आणि पाठीमागे दोन्ही मनगटे संत्र्याच्या पेट्या बांधायच्या काथ्याने आवळलेली होती. त्याने अंतर डोळ्याने धरले. तिसऱ्यांदा तो वर आला तेव्हा भिवाजी गर्दीत नव्हता.

मगच पुष्पाला वर काढण्यात आले आणि पुंडलिकरावांनी साडी बायकांच्या हाती दिली.

चित्रे स्वच्छ आली. पुष्पाचा नवरा आणि भिवाजी दोघेही धरले गेले, कागद छिंदवाड्याच्या कोर्टात गेले. कुसुमच्या कागदांत पुराव्याचे काहीच नव्हते. ते होते तिथेच राहिले.

फाल्गुनात पुंडलिकराव स्टुडिओत आले.

"पोरीचा फोटो पायजे. घरात लावाले."

"लग्नातला असंल ना, काका?"

"तो त्यायच्याकडं होता. चुलीत घातला म्हणते. आम्ही दुसरा कधी काढला नाही. तुमच्यापाशी आहे तेवढाच."

शालिकराम अंधाऱ्या खोलीत गेला आणि त्याने केवळ चेहरा मोठा करून आणला. पुंडलिकरावांनी तो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला.

"गेलेल्या माणसाचे डोळे तुम्ही ब्रशानं उघडून देता म्हणते लोक."

शालिकरामाने असे कित्येक डोळे उघडले होते. या चित्रात मात्र आपली एक रेघही पडू नये, असे त्याला वाटत होते. "हे माह्यानं होत नाही, काका," तो म्हणाला.

"कुंकू तरी लावा. कपाळ धुतलं गेलं तिचं."

ते कुंकू कोणाच्या नावाचे, हे दोघांनाही ठाऊक होते. शालिकरामाने लाल रंगाची वाटी आणि ब्रश पुढे ठेवला, पण स्वतः उचलला नाही. अखेर पुंडलिकरावांनीच ब्रश घेतला आणि लेकीच्या कपाळाला टेकवला. ठिपका किंचित डावीकडे गेला. ते तो सुकेपर्यंत बसून राहिले, मग चित्र धोतराच्या सोग्यात गुंडाळून पांढुर्ण्याच्या मोटारीकडे निघाले.