सॉरी कधी म्हणायचं

माझे धाकटे दीर लिफ्ट दुरुस्त करतात. एरवी सॉरी हा शब्द त्यांच्या जिभेवरच असतो; मांजराच्या शेपटीवर पाय पडला तरी सॉरी म्हणतील. कामावर मात्र या शब्दाला बंदी. चूक झाली तर आधी काय केलं ते सांगायचं. सॉरी म्हणणारा मोकळा होतो, ऐकणाऱ्याला काडीचं कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या हाताखाली त्यांचा मेहुणाच काम करतो, बायकोचा भाऊ. यापेक्षा शाळा बरी होती, असा टोमणा तो बहिणीदेखत मारायचा.

त्या दिवशी आमच्याच इमारतीची लिफ्ट पहिल्या मजल्याच्या खाली अडकली. आत मी एकटी. मेहुणा वर मशीनच्या खोलीत, दीर लिफ्टखालच्या खड्ड्यात. त्यांची बॅटरी विझली. दोरांच्या भोकातून मेहुण्याला खाली अंधार दिसला आणि दाजी बाहेर पडले असं तो धरून चालला. एक हाक मारायला काय धाड भरली होती, देव जाणे.

लिफ्ट हिसका देऊन खाली गेली. माझ्या पायांखालून आरोळी आली, तशी थांबली. खड्ड्यातून बाहेर पडायची फट बंद झाली होती आणि लिफ्टचं बूड दिरांच्या पाठीला टेकलं होतं.

वरून आवाज आला, "सॉरी, दाजी! सॉरी, सॉरी!"

मी जागची हलले नाही. हलले तर माझा भार त्यांच्यावर पडेल असं वाटत होतं. शिक्षण अशा वेळी कुठे जातं कोण जाणे.

"सॉरी नको," दीर म्हणाले. आवाज चेपलेला. "काय केलंस?"

"मला वाटलं, तुम्ही..."

"वाटलं ते नंतर. केलंस काय?"

त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली मला.

"मेन चालू केला," शेवटी तो म्हणाला. "खालचं बटण दाबलं. आता सोडलंय."

"मेन बंद कर. फ्यूज काढून खिशात घाल. मग चाक हाताने फिरवून वर घे."

एकेक गोष्ट तो मोठ्याने सांगत करत गेला. लिफ्ट बोटबोटभर वर सरकत होती आणि खालून दीर 'अजून, अजून' म्हणत होते.

मला बाहेर काढलं तेव्हा ते पायरीवर बसले होते, शर्ट पाठीवर फाटलेला. मेहुणा जिना उतरून समोर उभा राहिला.

"आता म्हण," दीर म्हणाले.

तो खाली बसला आणि त्यांच्या बुटाची सुटलेली नाडी बांधू लागला.