नसलेल्या बांगड्या

गोदाआक्का गेल्याचा निरोप सुभद्रेनं आणला. दारातच उभी राहून ती म्हणाली, "मामी, आक्कानी शेवटाला बांगड्या मागितल्या हो. मनगटावरनं सारका हात फिरवित व्हत्या... जलमभर इधवा राहिल्या, जीव तितंच अडकला." शेजारणीही तेच बोलत होत्या म्हणे. मला दुःखाआधी संताप आला. ज्या बाईनं घाटाच्या वरची-खालची एवढी पोरं जगात आणली, तिच्याबद्दल तिच्याच हाताखालच्या पोरीनं असं बोलावं! पण सुभद्रेला तरी काय बोलणार? उन्हाळ्यात तिच्या हातून एक मूल गेलं, तेव्हापासून ती कुणाच्या बाळंतपणाला गेली नव्हती. सुईणीचं काम शिकायचं की सोडून द्यायचं हे तिचं ठरत नव्हतं, आणि आता विचारायला आक्का उरल्या नव्हत्या. मी तिला बसवून घेतलं आणि सांगितलं, तेच इथं लिहिते आहे.

गोदाआक्का माझी नणंद. निजामाच्या राज्यात मी धारूरजवळच्या त्या गावात लग्न होऊन आले, तेव्हा त्या ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी परतल्या होत्या. कपाळ पांढरं, हात मोकळे, शुभकार्यात समोर यायची बंदी. गल्लीत कुणी अडलं की आक्का दाराबाहेर पाणी तापवत बसायच्या, आत जायची सोय नव्हती. हलीमाबी ही तिथली सुईण, मोठी फटकळ म्हातारी. खोलीत शिरण्याआधी ती हातातल्या बांगड्या उतरवायची आणि आक्कांच्या पदरात टाकायची. एकदा म्हणाली, "गोदा, मला दर येळेला ह्या काडाव्या लागतात. तुजे हात तर तयारच हायेत. ये माज्या हाताखाली." आक्कांना तो टोमणा वाटला. घरी येऊन त्या खूप रडल्या.

पण म्हातारी मनापासून बोलली होती, आणि तिनं काही गोड करूनही सांगितलं नाही. "लेकरू जगलं तर त्येंच्या नशिबानं, मेलं तर सुईणीच्या हातानं. तुजं नाव तर आदी घेतील. इचार कर, बेटी." आक्का विचारच करत राहिल्या. हलीमाबीकडे जायला निघायच्या आणि वेशीवरून परत यायच्या. एकदाचं हो की नाही सांगून मोकळ्या व्हा, म्हणून मी वैतागायची. मला काय जात होतं वैतागायला!

मग माझंच पहिलं बाळंतपण आलं. सकाळपासून कळा, दुपार झाली तरी सुटका नाही. मूल पायाळू. पाय आले आणि डोकं अडकलं. हलीमाबीची बोटं म्हातारपणानं आखडलेली, तिला घाम फुटला. तिनं हाक मारली, "गोदा, आत ये!" सासूबाई, म्हणजे आक्कांची आईच, उंबऱ्यात आडव्या झाल्या. "माज्या पयल्या नातवंडाला इचं तोंड दिसायचं न्हाई!" बाहेरून आक्कांचा आवाज आला, "वैनी, येऊ का?" मला भीती वाटत होती. मरणाचीही, आणि खोटं कशाला बोलू, त्या पांढऱ्या कपाळाचीही. तरी मी ओरडले, "या!"

आक्का सासूबाईंना ओलांडून आत आल्या. पाण्यात हात घालण्याआधी त्यांनी एका हातानं दुसऱ्या मनगटावरून बोटांपर्यंत काहीतरी उतरवल्यासारखं केलं. हलीमाबीचं बघून बघून ते हातात बसलं होतं. नंतर म्हातारी सांगत गेली आणि आक्का करत गेल्या... मी वाचले. मुलगी रडलीच नाही.

"खाल्लंस पोरीला," सासूबाई म्हणाल्या. आक्का गोठ्यात जाऊन बसल्या, हलीमाबी त्यांच्या मागोमाग गेली. माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडेच गोठा, सगळं ऐकू येत होतं.

"मला न्हाई जमायचं, बी."

"नको करू. जबरदस्ती न्हाई. येवडंच सांग, आत आसताना भ्याव वाटलं?"



"आत न्हाई वाटलं. भाईर आल्यावर वाटलं."

"मंग ते भाईरचं भ्याव हाय. त्येला विलाज न्हाई, मला बी वाटतं. आतलं आसतं तर मीच तुला घरी धाडलं आसतं."

माझी मुलगी गेलेली, आणि तरीही मी कान देऊन ऐकत होते. माझ्याही भीतीचं उत्तर त्यात असल्यासारखं.

मी बाळंतपणाच्या खाटेवरच होते तेव्हा दुसऱ्या कुणाच्या बाळंतपणाला निघालेली हलीमाबीची गाडी आमच्या दारात थांबली. म्हातारीनं हाक मारली नाही, नुसती बसून राहिली. आक्का डोक्यावर पदर घेऊन निघाल्या. सासूबाई खूप बोलल्या. आक्कांनी मागं पाहिलं नाही. पुढं माझे दोन्ही मुलगे त्यांच्याच हातावर झाले आणि सासूबाईंनीच त्यांना बोलावणं धाडलं. पण कुठल्याही खोलीत शिरताना मनगटावरून हात फिरवायची त्यांची सवय कधी सुटली नाही.

"म्हणून सांगते," मी सुभद्रेला म्हणाले, "आक्का बांगड्या मागत नव्हत्या गं, उतरवत होत्या. कुणाच्या तरी बाळंतपणाला निघाल्या होत्या." ती उठून गेली.

इथवर लिहून झालं होतं. आज दुपारी घाटाखालून एक गाडी आली आणि सुभद्रेच्या दारात थांबली. मी ओसरीवरून पाहत होते. ती बाहेर आली, आत गेली, पुन्हा बाहेर आली. मग थेट माझ्याकडे आली. "मामी, सांबाळा जरा," म्हणत बांगड्या एकेक काढून तिनं माझ्या पदरात टाकल्या आणि ती गाडीत जाऊन बसली.

दिवेलागण झाली. गाडी अजून परतलेली नाही. बांगड्या माझ्या पदरात आहेत, म्हणून मी जागची उठलेले नाही.