दुसऱ्याच्या टाकीतली बीअर

साबणाच्या कारखान्यात तिने एकोणीस वर्षं वास घेण्याची नोकरी केली. ऐकणाऱ्याला गंमत वाटायची, पण रोज सकाळी पांढऱ्या खोलीत बसून वड्या हुंगायच्या आणि कुठे काय बिघडलंय ते अचूक सांगायचं, हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. सगळे तिला नाकवाल्या बाईच म्हणत. कारखाना बंद पडला तेव्हा तिच्याकडे उरलं ते हे नाक, आणि वेगवेगळ्या वासांच्या चोवीस कुप्यांची लाकडी पेटी. साहेबांनी निरोपाच्या दिवशी ती गुपचूप तिच्या पिशवीत सरकवली होती.

बीअरचा नाद नवऱ्यामुळे लागला. तो सुतार. हौसेखातर स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात बीअर करायचा आणि दर खेपेला बिघडवायचा. एकदा तिने झाकण उघडून नाक लावलं आणि म्हणाली, "अहो, तुम्ही हे नीट धुतलेलंच नाही." त्या दिवसापासून पातेलं तिचं झालं आणि नवऱ्याकडे नुसतं ढवळणं उरलं.

तिची बीअर कोपऱ्यावरच्या बारवाल्याला इतकी आवडली, की तो पिंपाने मागायला लागला. आता पिंपभर बीअर काही स्वयंपाकघरात होत नाही, आणि स्वतःची ब्रुअरी काढायची तर राहतं घर विकावं लागलं असतं. म्हणून तिने शहराबाहेरच्या एका ब्रुअरीशी करार केला. कृती तिची, पिंपांवर आणि बाटल्यांवर लेबल तिचं. टाकी आणि मेहनत त्यांची. असे बिनब्रुअरीचे आणखी तीन-चार जण शहरात होते. स्वतःची ब्रुअरी असलेले त्यांना 'भाडेकरू' म्हणून हिणवायचे.

"पुस्तक लिहिणाऱ्याला कुणी विचारतं का, तुमचा छापखाना कुठाय म्हणून?" ती फणकाऱ्याने म्हणायची. पण मनातून तिला ते झोंबायचं.

त्या ब्रुअरीत तिची बीअर बनवायचे ते वस्ताद. साठीला टेकलेले, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं मोजकं. बीअर आंबून झाली की ती यायची, टाकीच्या तोटीतून ग्लासभर काढायची, हुंगायची आणि कागदावर सही करायची. सही झाली की वस्ताद टाकी थंड करायला घ्यायचे. सहा वर्षं हे असंच चाललं. 'नमस्कार' आणि 'येते' यापलीकडे दोघांत फारसं बोलणं झालं नाही.

मग तिला ताप आला. ताप चार दिवसांत उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. तिला पत्ताच नव्हता. गॅसवर दूध करपलं, ती शेजारीच भाजी चिरत होती आणि नवरा वरच्या मजल्यावरून धावत खाली आला, तेव्हा कळलं.

"येईल परत," डॉक्टर म्हणाले. "पण कधी, ते सांगता येणार नाही."

ती रोज सकाळी पेटी उघडून एकेक कुपी नाकाशी धरायची. चोवीसच्या चोवीस कुप्या म्हणजे नुसतं पाणी. नवऱ्याशिवाय तिने हे कुणाला सांगितलं नाही. आपल्याकडे टाकी नाही, भट्टी नाही, आणि आता नाकही नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

पुढच्या खेपेला ती नेहमीसारखी गेली. ग्लास नाकाशी धरला. काही नाही. तिने तारखा बघितल्या, दरवेळचे तितके दिवस भरले होते. वस्ताद चष्म्यातून तिच्याकडे बघत उभे होते. तिने सही केली.

पंधरा दिवसांनी भर दुपारी बारवाल्याचा फोन आला. "बाई, हे काय पाठवलंत? लोक विचारताहेत, यात लोणी टाकलंय का म्हणून!"

तिला लगेच कळलं. आंबताना बीअरला लोण्यासारखा वास येतो, आणि टाकी घाईने थंड केली की तो तसाच राहतो. या खेपेला आणखी दोन दिवस थांबायला हवं होतं. तिने सगळी पिंपं परत मागवली आणि थेट ब्रुअरी गाठली.

वस्ताद नळी धूत होते. "मला तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सही केलीत." त्यांनी नळी खाली ठेवली. "सहा वर्षांत एकदा तरी विचारलंत का, वस्ताद, तुम्हाला कशी वाटते?"

तिला घाव बसला, कारण त्यात खोटं काही नव्हतं. भाडेकरू म्हटल्यावर आपण चिडतो, आणि ज्यांच्या हातून बीअर होते त्यांना आपण तोटीसारखंच वागवलं. ती जवळच्या उलट्या पिंपावर बसली आणि म्हणाली, "वस्ताद, मला दोन महिने झाले, कसलाच वास येत नाही."

वस्तादांनी आत जाऊन हॉप्सचं, म्हणजे बीअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचं, नवं पाकीट आणलं, तिच्यासमोर फोडलं आणि तिच्या नाकाशी धरलं. तिने नकारार्थी मान हलवली. त्यांनी पाकीट हळूच मिटलं.

"पुढची टाकी मंगळवारी लावतोय," ते म्हणाले. "या. वास मी घेतो."

अडचण एवढीच, की वस्तादांचं नाक तरबेज असलं तरी शब्द दोनच होते: 'बरी' आणि 'बाद'. तेवढ्यावर कृती कशी सुधारायची? म्हणून ती पेटी घेऊन आली. रोज जेवणाच्या सुट्टीत ती एकेक कुपी पुढे करायची.

"ही?"

"भिजलेलं कुत्रं."

"ही?"

"सासऱ्यांचं कपाट."

ती हसून हसून लाल झाली, पण वहीत तिने तेच शब्द लिहिले. महिन्याभरात वस्तादांनी हुंगून सांगितलं की ती 'सासऱ्यांचं कपाट जरा कमी करा' म्हणायची आणि वस्ताद नेमकं काय करायचं ते समजायचे. पुढच्या टाकीच्या वेळी लोण्याचा वास आहे म्हणून त्यांनीच टाकी थंड करणं तीन दिवस थांबवलं. बारवाल्याने ती बीअर चाखली आणि पुन्हा नेहमीइतकी मागणी दिली.

नव्या लेबलवर तिने आपल्या नावाखाली वस्तादांचं नाव आणि ब्रुअरीचा पत्ता छापला. भाडेकरूने भाड्याचं घर असं मिरवायचं का, म्हणून काहींनी नाकं मुरडली. वस्तादांनी नव्या लेबलची एक रिकामी बाटली घरी नेली. बायकोने ती धुऊन खिडकीत ठेवली, एवढंच त्यांनी सांगितलं.

वर्षभराने नऊ कुप्यांचा वास परत आला. बाकीच्या अजून मुक्याच आहेत. आता कागदावर दोन सह्या लागतात, आणि दोघांचं पटेलच असं नाही. गेल्या आठवड्यात गव्हाच्या बीअरवरून अशी जुंपली, की टाकी चार दिवस अडून राहिली आणि बारवाला फोन करून करून थकला.